मिरवणुकीतलं गाणं

२०१६ च्या मे महिन्यात मी एक पत्र लिहिलं. आमच्या भागात निघणाऱ्या एका पाक्षिकाच्या वाचकांच्या पानावर ते छापूनही आलं. जेमतेम दीडशे शब्दांचं. त्याचं कात्रण माझ्या पेटीच्या खोक्यात आहे. आधी ते कौतुकाने जपलं होतं, आता जपते ते वेगळ्या कारणाने. कात्रण गेलं, तर मी असं काही लिहिलंच नव्हतं, असं काही वर्षांनी माझं मलाच खरं वाटू लागेल.

तो उन्हाळा ज्यांना आठवतो त्यांना 'सैराट'ची गाणी आठवतातच. चित्रपट २९ एप्रिलला लागला, पण गाणी त्याच्याही आधी घराघरांत शिरली होती. रिक्षात, रसवंतीवर, साखरपुड्यात, बारशात तीच चार गाणी. शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याच्या बातम्या नंतर आल्या. गाण्यांनी बाजी त्याआधीच मारली होती.

मी पुण्यात, नारायण पेठेत, पेटीचे वर्ग घेते. तेव्हाही घेत होते. मे महिन्याच्या सुटीत मुलं दुप्पट होतात. त्या वर्षी प्रत्येकाला एकच हवं होतं: "बाई, 'झिंगाट' शिकवा ना." सातवीतला एक मुलगा तर कुणी न शिकवता त्याचे सूर शोधत बसला होता. चुकायचा, मागे यायचा, पुन्हा शोधायचा. कानाने गाणं शोधणारा विद्यार्थी मिळावा म्हणून शिक्षक वर्षानुवर्षं वाट बघतात. मी काय केलं? त्याचा हात पट्ट्यांवरून उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ह्या पेटीवर हे वाजणार नाही."

मुलगा काही बोलला नाही. भाता बंद करून, पट्टा लावून, पेटी नीट झाकून तो घरी गेला. जूनमध्ये नवी तुकडी सुरू झाली, तेव्हा तो आला नाही. न येण्याला दुसरी शंभर कारणं असू शकतात. पण एकदा त्याच्या घरी फोन करून विचारावं, इतकंही मला सुचलं नाही.

मी त्याचा हात बाजूला ठेवला, त्याच आठवड्यात ते पत्र लिहिलं. त्यात मी दोन गाण्यांची तुलना केली होती. 'याड लागलं' कसं उच्च अभिरुचीचं आहे, त्यातला व्हायोलिनांचा ताफा कसा भव्य आहे, मराठी गाणं जागतिक पातळीवर कसं पोहोचलं आहे, वगैरे. ह्या चित्रपटाचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाल्याची बातमी मी वाचली होती आणि ती पत्रात आवर्जून घातली होती. मग 'झिंगाट'वर आले. ते वाक्य कात्रणातून जसंच्या तसं उतरवते: "हे गाणे नव्हे, मिरवणुकीतला गोंगाट आहे, त्याची जागा रस्त्यावर आहे, घरात नाही."

लिहिताना मला वाटत होतं, मी संगीताची बाजू घेते आहे.

असं मी पहिल्यांदाच केलं होतं असंही नाही. २००६ मध्ये 'जत्रा' चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' गाजलं, तेव्हाही मी नाक मुरडलं होतं. त्या गाण्याच्या आणि पुढे 'सैराट'च्याही संगीतकार भावांना, अजय-अतुलना, 'जोगवा'च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मी लगेच वर्गात त्यातली गाणी शिकवायला घेतली. २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'कोंबडी पळाली'ची चाल 'चिकनी चमेली' होऊन आली, साऱ्या देशात वाजली, तेव्हा "चाल आपली आहे बरं का" असं पाहुण्यांना सांगताना मला काहीच वाटलं नाही. दिल्लीचा शिक्का, मुंबईचा शिक्का, हॉलिवूडचा शिक्का. शिक्का बसला की माझा कान उघडायचा. तोवर तो बंद असायचा आणि त्या बंद कानाला मी अभिरुची म्हणत होते.

हे सगळं आज सरळ लिहिता येतं. तेव्हा ह्यातलं काही दिसत नव्हतं. दिसलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी.

पावसाळ्याच्या तोंडावर पेट्या तपासून घ्याव्या लागतात. दमट हवेत सूर उतरतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याचं कातडं सैल होतं. हे काम करायला एक गृहस्थ माझ्याकडे पंधरा वर्षं येत होते. हात अतिशय हलका. पितळेची सुराची पट्टी बाहेर काढायची, टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. एक घास जास्त गेला की संपलं. ते कानस अशी फिरवायचे की वरून पाहणाऱ्याला हात हललेलाही कळू नये. मग पट्टी परत बसवायची, भाता मारून ऐकायचं, पुन्हा काढायची. मला जो फरक ऐकू यायला थोडा वेळ लागायचा, तो त्यांना आधीच ऐकू आलेला असायचा. त्यांच्या कानाबद्दल मला आदर होता. बाकी पंधरा वर्षांत मी त्यांना त्यांचं गाव कोणतं, हेसुद्धा विचारलं नव्हतं. चहा मात्र दर वेळी द्यायचे, स्टीलच्या पेल्यात. घरी येणाऱ्या गवयांना कपबशीतून देत असे. त्यात काही नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता तसं सांगत नाही.

त्या सकाळी ते मधल्या सप्तकाचा पंचम लावत होते. मान खाली. कामात असतानाच म्हणाले, "बाई, तुमचं पत्र वाचलं. आमच्या दुकानात येतं ते पाक्षिक."

मी खूश झाले. "आवडलं?"

त्यांनी पट्टी बसवली, भाता मारला, ऐकलं. मग म्हणाले, "माझे वडील मिरवणुकीतच वाजवायचे. हलगी."

बस, इतकंच. आवाजात राग नव्हता. वाईट वाटल्याचंही त्यांनी दाखवलं नाही. ते पुढच्या सुराकडे वळले.

मी घाईघाईने सारवासारव केली. माझं म्हणणं हलगीबद्दल नव्हतंच, डीजेबद्दल होतं, आवाजाबद्दल होतं, वगैरे. ते "हो, हो" म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला कळत होतं. माझ्याच घरात, माझ्याच वाक्याने दुखावलेला माणूस माझी समजूत काढत होता. त्या "हो, हो"ने मला जेवढं लाजवलं, तेवढं भांडणाने लाजवलं नसतं.

मग मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "कुठे वाजवायचे वडील?"

ते सोलापूरकडचे निघाले. वडील लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडात वाजवायचे. वाजवण्याआधी पाचटाचा जाळ करून हलगी शेकायची, म्हणजे कातडं ताणलं जातं आणि आवाज खणखणीत येतो. एका हातात जाड आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. वडिलांची हलगी सुरू झाली की फडात मल्ल मांडी थोपटायचे, लग्नात नवरदेवाचे मित्र घोड्यापुढे बेभान व्हायचे. आणि पंगती बसल्या की वाजवणारे मांडवाच्या बाहेर थांबायचे. त्यांचं जेवण शेवटी, वेगळं. पुढे वडिलांनी ते काम टाकलं, बाबासाहेबांच्या विचाराने टाकलं, आणि मुलाला बजावलं की हातात हलगी दिसली तर घरात घेणार नाही. म्हणून हे पुण्यात आले आणि पेटीदुरुस्ती शिकले.

"पण बाई, 'झिंगाट' लागलं ना," ते म्हणाले, "की माझी पोरं नाचतात. आमच्या गल्लीत सगळेच नाचतात. वडील वाजवायचे तेव्हा नाचायचे दुसरे. आम्ही वाजवायचं आणि बाहेर उभं राहायचं. ह्या गाण्यावर कुणी बाहेर उभं नाही."

मी काही बोलले नाही. काही वेळाने मला एवढंच सुचलं, "तो ठेका दाखवता?"

त्यांनी कानस खाली ठेवली. पेटीचं झाकण मांडीवर घेतलं. उजव्या हाताचं मधलं बोट टिपरू झालं, डाव्याची करंगळी काडी झाली. आधी हळू, मग चढत. मी सवयीने टाळी धरली. तीस वर्षं मुलांना ताल शिकवते, मात्रा मोजणं हा माझा श्वास आहे. पहिलं आवर्तन धरलं. दुसऱ्यात माझी सम हुकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हुकली. डाव्या करंगळीची ती बारीक काडी माझ्या दोन मात्रांच्या मधून, जिथे माझ्या हिशेबात काहीच नव्हतं अशा जागेतून, निसटून जात होती. उजवा हात जमिनीवर होता, डावा त्याच्या डोक्यावरून उड्या मारत होता.

"मोजू नका बाई," ते म्हणाले. "चाला."

"म्हणजे?"

"मिरवणुकीत वाजवणारा मोजत बसत नाही. चालत असतो. पाय ठेका धरतात, हात मोकळे राहतात."

मी खरंच उठले. सकाळचे साडेनऊ वाजले होते, स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता आणि मी माझ्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. चौथ्या फेरीला ठेका पायात आला. सम कुठे आहे हे मला मोजावं लागलं नाही, ती पावलाखाली होती.

आणि चालता चालता पत्रातला शब्द आठवला: मिरवणुकीतला. मी तो शिवीसारखा वापरला होता. तो त्या संगीताचा सगळ्यात नेमका गुण होता. जे वाद्य चालत वाजतं, हजार माणसांचे पाय एकत्र आणतं, उघड्या रस्त्यावर, भिंतींचा आधार नसताना शेवटच्या माणसापर्यंत पोचतं, त्याची रीत बैठकीच्या रीतीहून वेगळी असणारच. मला ती येत नव्हती, म्हणून मी तिला गोंगाट म्हटलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मला छळत होतं ते दुसरंच काहीतरी.

माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक गोष्ट सांगते. पेटी युरोपातून आलेलं वाद्य. आपल्याकडच्या जाणत्यांनी तिला नावं ठेवली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती नाहीत, रागाला ती विटाळते, असं म्हटलं गेलं. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायलाही १९७१ साल उजाडावं लागलं. गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा माणसांनी ह्या वाद्याला बोलतं केलं, तरी 'साथीचं वाद्य' ही तिची पायरी बदलायला किती काळ लागला! माझ्या गुरुजींना त्या बंदीचा सल शेवटपर्यंत होता. ते म्हणायचे, वाद्य नीच नसतं, ऐकणारा आळशी असतो. हे वाक्य मी शेकडो मुलांना ऐकवलं. सांगताना माझा गळा भरून यायचा.

आणि तीच मी, सातवीतल्या पोराचा हात पट्ट्यांवरून उचलून म्हणाले होते, ह्या पेटीवर हे वाजणार नाही. तीस वर्षं जिला दाराबाहेर उभं केलं गेलं त्या वाद्याला मी दारावरचा पहारेकरी केलं होतं.

अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करणार नाही, असं मला वाटायचं. तसं नसतं. आपल्याला एकदा आत घेतलं की आपण दार लावून घेतो.

रात्री उठून कात्रण पुन्हा काढलं. ह्या वेळी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एका गाण्यातली व्हायोलिनं परदेशात वाजली होती, म्हणून ती भव्य. दुसऱ्या गाण्यातला ठेका माझ्या गल्लीत वाजत होता, म्हणून तो गोंगाट. दोन्ही गाणी त्याच दोन भावांची, त्याच चित्रपटातली, त्याच उन्हाळ्यातली. मी कानाने काहीच ठरवलं नव्हतं. वाजवणारे हात कुणाचे, ते कुठून आले, एवढंच पाहिलं होतं. माझ्या आवडीला मी संगीत म्हणत होते, पण तिच्या तळाशी माझी पेठ होती आणि पेठेच्या तळाशी माझी जात होती. हे वाक्य लिहायला मला वर्षं लागली. लिहिल्याशिवाय मात्र हे मनोगत खोटं ठरलं असतं.

'याड लागलं'चं कौतुकही तपासून पाहिलं. मी वाद्यवृंदाची स्तुती केली होती आणि अजय गोगावले यांच्या गळ्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. तो उघडा, ताणलेला, शिवारात हाक मारावी तसा आवाज मी व्हायोलिनांच्या आडोशाने ऐकला होता. आणि 'याड' हा शब्द? वर्गात कुणी "याड" म्हटलं की मी "वेड म्हण" असं सुधारत असे. त्या गाण्यात 'वेड' घालून पाहा. गाणं जागेवर मरतं. 'आताच बया का बावरलं'मधली 'बया' तशीच. ती बोली म्हणजे त्या गाण्यांचा दागिना नाही, तो त्यांचा देह आहे.

पुढच्या रविवारी मी 'सैराट' बघायला गेले. तोवर मी तो पाहिलाच नव्हता. न पाहता पत्र लिहिलं होतं, हेही इथे कबूल करते. थिएटरात 'झिंगाट' सुरू झालं तशी पुढच्या रांगांमधली पोरं उठून पडद्यासमोर नाचू लागली. मी जागेवरच बसले होते. पण मला पहिल्यांदा कळलं की ते गाणं चित्रपटात कुठे बसवलं आहे. पाटलाच्या घरचा वाढदिवस, सगळा गाव नाचतो आहे, नायक परशा आणि त्याचे मित्रही. थोड्या वेळापुरतं अंगण सगळ्यांचं आहे. नाच ओसरतो न ओसरतो तोच पाटलाची मुलगी आर्ची आणि परशा पकडले जातात आणि मग पळापळ, मारहाण, परगाव. त्या दोघांच्या वाट्याला तसं अंगण पुन्हा येत नाही. शेवटच्या प्रसंगात तर दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. छोट्या पोराची पावलं उमटत जातात आणि कानाला काही ऐकू येत नाही.

त्या शांततेत बसून मला समजलं की 'झिंगाट' एवढं मोठ्याने का वाजतं. पुढे येणारी शांतता तेवढी मोठी आहे म्हणून. कुणी बाहेर उभं नाही, असं ते पेटीवाले म्हणाले होते. चित्रपट पुढे सांगत होता, तो नाच संपल्यावर काय होतं ते. मी त्या नाचालाच रस्त्यावर हाकलायला निघाले होते.

माझं मत सगळंच बदललं असं नाही. रात्री अकरा वाजता भिंतीएवढे स्पीकर लावून छातीत धडकी भरवणारी वरात मला आजही नकोच वाटते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हा नियम मला पटतो आणि शेजारी आजारी माणूस असेल तर मी आजही खाली जाऊन सांगते. पण आवाजाची तक्रार आणि गाण्याचा तिटकारा मी एकाच पिशवीत भरला होता. पहिल्याच्या आड दुसरा लपवला होता. आता तक्रार करायला जाते तेव्हा आधी स्वतःला विचारते: हाच आवाज एखाद्या नामवंत गवयाच्या मैफलीचा असता, तर मी उतरले असते का? कधी कधी उत्तर नाही असं येतं. तेव्हा मी परत फिरते.

'धडक' ह्या चित्रपटात २०१८ साली 'झिंगाट' हिंदीत आलं आणि देशभर गाजलं. त्या वेळी पाहुण्यांसमोर "चाल आपली आहे" असं म्हणायला जीभ वळली नाही. ज्यांची ती आहे त्यांना मी काय म्हटलं होतं, हे खोक्यातल्या कात्रणात लिहिलेलं होतं.

त्या सातवीतल्या मुलाचा फोन नंबर जुन्या वहीत सापडला, पण तो लागला नाही. ती चूक आता माझ्याकडून भरून निघण्यासारखी नाही. पाक्षिकाला दुसरं पत्र लिहायचं ठरवलं होतं, मसुदाही केला होता. धाडलं नाही. लोक काय म्हणतील ह्याची भीती होती, दुसरं काही नाही. पुढे ते पाक्षिकच बंद पडलं. हे मनोगत त्या पत्राच्या जागी समजावं.

पेटीवाले अजून येतात. चहा आम्ही दोघंही एकाच जोडाच्या कपांतून घेतो. ह्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या ते लक्षात आलं असणार.

आणि सुटीच्या वर्गात आता लयीचा पहिला धडा बसून होत नाही. मी झाकणावर ठेका धरते आणि मुलं खोलीभर चालतात. जे गाणं म्हणतील ते वाजवून देते, 'झिंगाट'सुद्धा. त्यांच्याबरोबर मीही चालते. तीस वर्षांची सवय आहे, मनात मात्रा अजून मोजल्या जातात. पण पाय थांबत नाहीत.